मासा जेवला का?



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव ‘मत्स्यशरीरातील ताण, भूक आणि वाढ’ असं छापलंय. नाव भारदस्त आहे, पण माझं नाही. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी तीनच शब्द सांगितले होते : मासा जेवला का? त्यांना वाटलं असावं, म्हातारा जेवणाच्या सोयीबद्दल विचारतोय. तेव्हा आधी माझा मूळ विषय परत मागून घेतो.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी प्राणिशास्त्र शिकलो. एका प्रात्यक्षिकाला त्यांनी माझ्यासमोर रोहू ठेवला आणि म्हणाले, याची अधिवृक्क ग्रंथी दाखव. माणसात ती मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते, हे पाठ होतं. मी रोहूचं मूत्रपिंड मोकळं केलं. टोपी कुठेच नव्हती. पण मूत्रपिंडात मागच्या बाजूला दोन पांढुरके ठिपके दिसले. मी चिमट्याचं टोक त्यावर ठेवलं आणि विजयी मुद्रेनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, ‘चूक. पण थोराच्या पंगतीतली चूक.’ १८३९ साली हेर्मान स्टॅनियस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हेच ठिपके पाहिले आणि त्यांना माशाची अधिवृक्क ग्रंथी मानलं. पुढे कळलं की त्यांचं काम वेगळंच, रक्तातलं कॅल्शियम आवरून धरण्याचं. आज ते ठिपके स्टॅनियसच्याच नावानं ओळखले जातात. माझ्या चुकीला मात्र दहातले चार गुण मिळाले.

मग माशाची ती ग्रंथी असते कुठे? ग्रंथी म्हणून वेगळी नसतेच. मूत्रपिंडाचा अगदी पुढचा भाग, कल्ल्यांच्या मागे दडलेला, त्याला शीर्षवृक्क म्हणतात. तिथल्या मोठ्या शिरेच्या कडेनं ताणाच्या पेशींची वस्ती विखुरलेली असते. काही पेशी अॅड्रेनॅलिन सोडतात, काही कॉर्टिसॉल. आणि गंमत बघा, रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी तयार होतात त्याही याच जागी, भिंतीला भिंत लावून.

आता ‘ताण’ या शब्दाकडे वळू. आज घराघरात तो आहे. पोराला परीक्षेचा, बापाला हप्त्याचा, आईला दोघांचा. शरीरशास्त्रात तो रुजवला हान्स सेली यांनी. १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी उंदरांना नाना तऱ्हेनं छळलं. थंडी, जखम, विष. छळ वेगवेगळा, पण उंदराच्या शरीरात दिसणारं चित्र मात्र एकच : अधिवृक्क ग्रंथी सुजलेली, थायमस आक्रसलेलं, जठराला व्रण. शरीराकडे संकटाला द्यायचं एक ठरलेलं उत्तर आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

तुम्ही विचाराल, माशाला कसला ताण? त्याला ना परीक्षा, ना हप्ता. पण उंदराच्या रक्तात ताणाचं मुख्य संप्रेरक असतं कॉर्टिकोस्टेरोन. आपल्या रक्तात असतं कॉर्टिसॉल. आणि रोहूच्या? कॉर्टिसॉलच. रेणू तोच, अणूअणूनं तोच. या एका बाबतीत प्रयोगशाळेतल्या उंदरापेक्षा बाजारातला रोहू आपल्याला जवळचा आहे. उद्या ताटात घेताना हे आठवलं तर मला दोष देऊ नका.

आता तुम्हाला एका पिशवीपाशी नेतो.

मत्स्यबीज केंद्रावर संध्याकाळची वेळ. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आदल्या दिवसापासून हाप्यात, म्हणजे कापडी जाळीच्या चौकोनी पेटीत, उपाशी ठेवलेली असतात. उपाशी का? पोट रिकामं असलं म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी नासत नाही. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, त्यात मोजून पिल्लं सोडायची, उरलेल्या जागेत सिलिंडरमधून प्राणवायू भरायचा, तोंड पिळून घट्ट बांधायचं आणि पिशव्या गाडीत रचायच्या. प्रवास रात्रीचा, ऊन लागू नये म्हणून. जाणता माणूस पाण्यात चिमूट-दोन चिमूट मीठ टाकतो. का टाकतो असं विचारलं तर म्हणतो, टाकायचं असतं. बरोबर आहे त्याचं. कारण थोड्या वेळानं सांगतो.

पहाटे गाडी तळ्यावर पोचते. उतावळा माणूस पिशवी कापतो आणि पिल्लं धाडकन पाण्यात ओततो. जाणता माणूस बांधलेली पिशवी पंधरावीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवतो, आतलं-बाहेरचं पाणी एका ऊबेला येऊ देतो, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतो, आणि शेवटी पिशवी आडवी धरून थांबतो. पिल्लं आपणहून बाहेर पडतात. सगळी पोहत जातात. एकही मेलेलं नसतं. मालक खूश होतो आणि म्हणतो, शंभर टक्के आली.

आली खरी. पण त्या दिवशी ती जेवत नाहीत. बहुधा दुसऱ्या दिवशीही नाही. कडेला टाकलेली शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा तसाच तळाला बसतो. जिवंत आहेत, पोहताहेत, अंगावर जखम नाही, आणि तरी जेवत नाहीत. माझं आजचं सगळं व्याख्यान या न जेवण्यावर आहे.

त्या पिल्लांच्या अंगात काय घडलं ते बघू. जाळ्याचा पहिला स्पर्श होताच काही सेकंदांत अॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. हृदयाचे ठोके जोरकस होतात, कल्ल्यांत रक्त भरभरून वाहतं, कारण पळायला प्राणवायू हवा. पण कल्ला म्हणजे नुसतं फुप्फुस नाही. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये तिथे एक झिरझिरीत पडदा असतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट. म्हणजे पडद्यातून मीठ सतत बाहेर झिरपू पाहतं आणि पाणी सतत आत शिरू पाहतं. एरवी मासा याचा हिशेब चोख ठेवतो. घाबरला की कल्ल्याची दारं सताड उघडतात. प्राणवायू येतो, पण मीठ जातं. आता पिशवीतल्या चिमूटभर मिठाचं कारण कळलं? बाहेरचं पाणी थोडं खारट असलं की आतलं मीठ कमी गळतं. टाकायचं असतं म्हणणाऱ्याला शरीरशास्त्र येत नव्हतं, पण मासा येत होता.

अॅड्रेनॅलिन ही पहिली आरोळी. तिच्या मागून येतं कॉर्टिसॉल, सावकाश. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून एक संप्रेरक निघतं, ते पीयूषिकेला जागं करतं, पीयूषिका दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, ते वाहत शीर्षवृक्कात पोचतं आणि तिथल्या पेशी कॉर्टिसॉल तयार करू लागतात. या साखळीला काही मिनिटं लागतात. निवांत माशाच्या एक मिलिलिटर रक्तात कॉर्टिसॉल काही नॅनोग्रॅम असतं. जाळ्यात धरल्यानंतर अर्ध्या-एक तासात बऱ्याच जातींमध्ये ते तीसपासून तीनशे नॅनोग्रॅमपर्यंत चढतं. संकट टळलं तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतं.

इथे एक अडचण सांगतो, आमच्या धंद्यातली. माशाला किती ताण आहे हे मोजायचं तर त्याचं रक्त काढावं लागतं. रक्त काढायचं तर त्याला धरावं लागतं. आणि धरणं हाच ताण! त्यामुळे पाण्यात हात घातल्यापासून दोन-तीन मिनिटांत सुई टोचून झाली पाहिजे. उशीर झाला की तुम्ही माशाचा नाही, स्वतःचाच उपद्रव मोजत बसता. अलीकडे यातून वाटा निघाल्या आहेत. टाकीच्या पाण्यात झिरपलेलं कॉर्टिसॉल मोजता येतं, आणि खवल्यात साठत गेलेलंही. खवला ही माशाची जुनी वही. रक्त फक्त आजचा दिवस सांगतं.

आता भुकेकडे येऊ. कॉर्टिसॉलची साखळी सुरू करणारं ते जे मेंदूतलं पहिलं संप्रेरक, त्याला सीआरएफ म्हणतात. १९८१ साली त्याची रचना उलगडली. नंतर लक्षात आलं की ते दोन कामं करतं. एका हातानं पीयूषिकेला जागवतं आणि दुसऱ्या हातानं भूक दाबतं. माशांत याची एक बहीणही आहे, युरोटेन्सिन-१, जी आधी माशाच्या शेपटीकडच्या मज्जारज्जूच्या टोकाशी असलेल्या एका गाठीत सापडली. सोनमाशाच्या मेंदूत यांपैकी काहीही टोचलं, तर समोर दाणे असूनही तो कमी खातो. म्हणजे भूक जाणं ही ताणाची नंतरची परिणती नाही. भूक दाबणं आणि धोक्याची घंटा वाजवणं हे एकाच संप्रेरकाचं काम आहे.

आणि जाता जाता, माशाच्या भुकेला पोटातले कावळे लावू नका. कटला, रोहू, मृगळ या मंडळींना जठरच नसतं. अन्न घशातून थेट आतड्यात. त्यामुळे ती मोठं जेवण साठवून ठेवू शकत नाहीत, थोडं थोडं, वारंवार खातात. भूक ठरते ती मेंदूत आणि आतड्यात.

भूक गेली, तर वाढही गेली, हे कुणीही सांगेल. पण तेवढंच नाही. वाढीचं संप्रेरक पीयूषिकेतून निघतं, यकृतात जातं, आणि यकृताला सांगतं : आयजीएफ-१ सोड. हा आयजीएफ-१ स्नायूंना आणि हाडांना वाढायला लावतो. ताण लांबला की वरून निरोप येत राहतो, पण यकृत बहिरं होतं. निरोप घेणारी दारं कमी होतात, जो थोडा आयजीएफ-१ सुटतो त्याला रक्तात अडकवून ठेवणारी प्रथिनं वाढतात. वर कॉर्टिसॉल स्नायूतली प्रथिनं मोडून त्यातून साखर बनवतं, पळण्यासाठी, लढण्यासाठी. म्हणजे आवक थांबली आणि घरातली भांडीही मोडीत निघाली.

मी शेतकऱ्यांना हे असं सांगतो : वाढ म्हणजे खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. मासा खातो, त्यातून आधी श्वासाचा, मिठाच्या हिशेबाचा, पोहण्याचा, आजारपणाचा खर्च भागवतो. उरलं तर अंगाला लागतं. ताण आला की आवक घटते आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदम. सगळ्यात आधी कात्री कशाला लागते? शिल्लकेला.

आणि मग सुरू होतं ते चक्र, जे मी इतक्या तळ्यांवर पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. मासा वाढत नाही म्हणून मालक काळजीत. काळजीत तो काय करतो? पेंड वाढवतो. मासा आधीच जेवत नाही, पेंड तळाला जाते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ढगाळ दिवस आला, शेवाळानं प्राणवायू कमी बनवला, की पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडं काढून आ वासताना दिसतात. प्राणवायू कमी पडणं हा माशाला माहीत असलेला सगळ्यात जुना ताण. तो जेवण आणखी कमी करतो. मालक म्हणतो, अजून एक पोतं आणा. एका तळ्यावर मी मालकाला विचारलं, दहा दिवस पेंड बंद ठेवाल का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पोरांना उपाशी ठेवायला सांगतोय.

आता थोडं थंड पाण्यात जाऊ, कारण या विषयावरचं सगळ्यात बारीक काम ट्राउट माशावर झालंय. सारख्या वजनाचे दोन ट्राउट एका टाकीत सोडा. काही तासांत एक मालक होतो, दुसरा चाकर. दाणे दोघांना पुरून उरतील इतके टाका. मालक खातो. चाकर कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ स्थिर राहतो, अंग काळपटतं आणि खात नाही. त्याला कुणी आता चावत नसतं. मालक फक्त तिथे असतो, एवढं पुरतं. चाकराचं कॉर्टिसॉल दिवसेंदिवस चढलेलं राहतं. तळ्यात एका दिवशी सोडलेल्या बोटुकलीतून वर्षानं काही पाऊण किलोची आणि काही वीतभराचीच निघतात, तेव्हा आपण बीज खराब म्हणतो. कधी ते खरंही असतं. कधी मात्र दोष बीजात नसतो, शेजारात असतो.

म्हणजे गर्दी वाईट असं मी म्हणतोय का? थांबा. उत्तरेकडच्या थंड तळ्यांत राहणारा आर्क्टिक चार नावाचा मासा विरळ ठेवला तर एकमेकांवर धावून जातो, आणि दाट ठेवला तर थव्यानं पोहतो, भांडण विसरतो आणि चांगला वाढतो! प्रत्येक जातीची पंगत वेगळी. एकाचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही.

इंग्लंडात विंडरमियर सरोवराकाठी शास्त्रज्ञांनी ट्राउटच्या दोन ओळी निवडून वाढवल्या. एका ओळीत कॉर्टिसॉल झटकन आणि खूप चढतं, दुसरीत कमी. समोरासमोर आणले की कमी चढणारे जिंकत, आणि नव्या टाकीत ते लवकर जेवायला लागत. पुढे हेच मासे नॉर्वेला नेले. लांबच्या प्रवासात खूप चढणाऱ्या ओळीचं वजन जास्त घटलं. आणि तिथे पोचल्यावर चित्र उलटलं : आता तेच आधी जेवायला लागले, तेच मालक झाले. स्वभाव बीजात असतो, हे खरं. पण एखादा प्रवास तो उलटाही करतो.

इथवर ऐकून कॉर्टिसॉल हा खलनायक वाटला असेल तर माझी चूक. माशाला आपल्यासारखं मीठ सांभाळणारं वेगळं अल्डोस्टेरोन नसतं. ते कामही कॉर्टिसॉलच करतं. सामन माशाचं पिल्लू नदीतून समुद्रात उतरण्याआधी त्याच्या अंगात कॉर्टिसॉल आपोआप चढतं आणि कल्ल्यांना खाऱ्या पाण्याची तालीम देतं. त्याच्याविना ते पिल्लू समुद्रात टिकणार नाही. तोच सामन, पॅसिफिक महासागरातला असेल तर, वयात आला की अंडी घालायला नदीत परततो. तेव्हा जेवण बंद, कॉर्टिसॉल आभाळाला, आणि प्रजननानंतर मृत्यू. कोकानी नावाच्या सामनची पिल्लं वयात येण्याआधीच खच्ची केली, तर काही मासे नेहमीच्या चार वर्षांऐवजी आठ वर्षांपर्यंत जगले. हा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला.

आता आपल्या प्रदेशाच्या जवळ येतो. आपल्या बाजारात थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर आलेला कटला-रोहू बहुतेक वेळा आंध्रचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. कोल्लेरू तलावाभोवतीचे आणि कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातले शेतकरी एक विचित्र गोष्ट करतात. ते बोटुकली विकत घेतात आणि वर्षभर लहान तळ्यात कोंबून, अर्धपोटी ठेवतात. वर्षानं चांगल्या तळ्यात एक किलोच्या घरात जाऊ शकणारा मासा तिथे शंभर-दीडशे ग्रॅमचाच राहतो. मग ही खुरटलेली बोटुकली मोठ्या तळ्यात विरळ सोडतात आणि भरपूर खाऊ घालतात. ती सुसाट वाढते. गमावलेलं वजन भरून काढण्याची जणू तिला घाई असते.

मी वीस मिनिटं सांगतोय की गर्दी आणि उपासमार वाढ मारते. मग हे शेतकरी चुकीचे की मी?

दोघेही नाही, असं मला वाटतं, आणि आजच्या व्याख्यानातला माझा स्वतःचा म्हणता येईल असा मुद्दा हाच. भुकेला मासा आणि भूक मेलेला मासा यांत फरक करायला हवा. वरून दोघे सारखेच दिसतात : बारीक, डोकं मोठं, पोट आत. रक्त तपासलं तरी आयजीएफ-१ दोघांत कमी. पण भुकेल्याच्या मेंदूत भूक वाढवणारा एनपीवाय नावाचा रेणू चढलेला असतो, वाढीचं संप्रेरक पीयूषिका सोडतच असते, फक्त यकृत अन्नाची वाट बघतंय. दाणा दिसताच सगळी साखळी धावत सुटते. भूक मेलेल्याच्या मेंदूत मात्र सीआरएफ बसलाय. त्याच्यापुढे दाणा टाका, तो बघत राहतो. पहिल्याला पेंड हवी. दुसऱ्याला पेंड टाकणं म्हणजे त्याचं पाणी नासवणं. आंध्रचा शेतकरी पहिला प्रकार राखतो, कारण त्याची तळी उथळ असली तरी पाणी तो नासू देत नाही आणि थोडं का होईना रोज खाऊ घालतो. ओळखायचं कसं? प्रयोगशाळा कुठून आणणार? त्याची सोय आंध्रच्या शेतकऱ्यानंच करून ठेवली आहे.

कोंड्या-पेंडीची पोती घेऊन त्यांना खालच्या बाजूला भोकं पाडायची, आणि तळ्यात रोवलेल्या बांबूंना दोरीनं बांधून पाण्यात लोंबकळत सोडायची. रोहू येतो, भोकाला तोंड लावून ओढतो, पोतं हलकं होत जातं. भंडाऱ्याकडच्या आमच्या एका मच्छीमार संस्थेतली तरुण मुलं आंध्रात जाऊन हे शिकून आली आणि एका मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर त्यांनी तसं केलं. मी तिथे गेलो होतो, पहाटे. संस्थेतला एक म्हातारा ढीवर डोंगा एकेका बांबूपाशी नेत होता. बीज कधी सोडलं, पाण्याचा रंग कसा आहे, काही विचारलं नाही त्यानं. डोंगा थांबवायचा, दोरी धरून पोतं जरा वर उचलायचं, हातात तोलायचं आणि पुढे जायचं. तिसऱ्या बांबूला तो थांबला. पोतं पुन्हा उचललं. मग किनाऱ्यावर पेंडीचं पोतं फोडत असलेल्या मुलाला हाक मारली, ‘राहू दे आज. हे जड हाये जी.’